उजवा कान, डावा कान

रंगाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये सकाळीच मुंगी शिरायला जागा उरली नव्हती. खुर्च्यांवर माणसं, जिन्यावर माणसं, आणि सगळी गप्प! एवढी माणसं एकत्र येऊन कुणी बोलत नाही, हा माझ्या मते तिथला पहिला चमत्कार. दुसरा चमत्कार पडद्यामागे बसला होता. अंगात कोट, पाय अनवाणी, आणि चेहरा असा गंभीर, की अख्ख्या शेअर बाजाराचा भार याच्याच खांद्यावर आहे. लोक त्याला कानगुरू म्हणत.

कानगुरू रोज सकाळी फळ्यावर एका कंपनीचं नाव लिहायचा. मग रांगेतल्या एकेकाला पडद्यामागे बोलावून कानात एकच शब्द सांगायचा. ‘चढेल’ किंवा ‘उतरेल’. चढेल असेल तर शेअर सकाळी घ्यायचा, दुपारी विकायचा. उतरेल असेल तर सकाळी विकून दुपारी स्वस्तात परत घ्यायचा. पहिले तीन शब्द फुकट. तिन्ही खरे ठरले, की तुम्ही ‘आतले’ झालात. आतल्याने चौथ्या शब्दाच्या दिवशी, बाजार उघडून तो शब्द खरा ठरला की, आपली सगळी पुंजी गुरूच्या हवाली करायची. पुढचं गुरू बघून घेणार!

अट एकच. शब्द कुणाला सांगायचा नाही. सांगितला की तो फिरतो आणि माणूस बुडतो. तो कानातून गळू नये म्हणून बाजार उघडेपर्यंत त्या कानावर तळहात दाबून बसायचं.

“बाजार म्हणजे समुद्र, लेकरांनो,” पडद्याआडून आवाज यायचा. “लाट तुमच्या पायाला लागते आज. माझ्या कानाला ती कालच लागलेली असते.”

एवढे तिखट कान असलेला माणूस दुसऱ्याच्या हॉलमध्ये भाड्याने का बसतो, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नव्हतं. माझ्या आलं होतं, पण मला विचारतो कोण? मी पडलो चष्मेवाला.

माझी थोरली बहीण मात्र आतली झाली होती, आणि तिथेच माझी झोप उडाली. ताई शाळांचे गणवेश शिवते. दोन खोल्यांत शिलाई मशीनं, काजं करायचं मशीन, कापडाचे गठ्ठे. हे सगळं तिनं एकेक पैसा साठवून उभं केलेलं. भावोजींनी मला हळूच कळवलं, की मशीनं विकायची ठरली आहेत. पैसे हातात आले आहेत, शुक्रवारी संध्याकाळी टेम्पो येणार.

मी तडक तिच्याकडे गेलो.

“ताई, मशीनं विकून मग शिवणार काय? हवा?”

“आता शिवायची गरजच राहणार नाही,” ती म्हणाली. “तीन वेळा, अरे, तीन वेळा खरं ठरलं! तुझे चष्म्याचे नंबर तरी लागोपाठ तीनदा बरोबर येतात का?”

हे मला झोंबलं. “बरं. शुक्रवारचा शब्द मला सांगशील?”

“जीभ हासडलीस तरी नाही.”

आता माझ्या धंद्यातली एक गंमत सांगतो. डोळे तपासताना मी भिंग बदलतो आणि विचारतो, हे बरं की आधीचं? काही लोक मला बरं वाटावं म्हणून ‘हे बरं’ म्हणत सुटतात. अशा वेळी मी बदलल्यासारखं करून तेच भिंग पुन्हा लावतो. तरीही ‘हे बरं’ आलं, की ओळखायचं, हे उत्तर डोळ्यांचं नाही.

त्याच आठवड्यात निवृत्त पोस्टमास्तर दुकानात आले. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवली, मी दिवे मालवले, आणि अंधारात त्यांनी मन मोकळं केलं. “माझं पहिल्याच शब्दाला बुडालं. चूक माझीच. हिला सांगितलं ना! गुरूनं महिनाभर घरात मौन पाळायला लावलंय. घरात हिच्याशी एक अक्षर बोललो नाही. शुक्रवारी परत रांगेत उभा राहणार.”

मग ड्रायव्हिंग स्कूलवाला आला. त्याचंही बुडालं होतं, त्यानंही बायकोला सांगितलं होतं. मग एक नर्सबाई. तिनं आईला सांगितलं होतं. तिघांचंही तेच, ‘चूक माझीच’. मला शंका आली. बुडालेल्यांनी घरी सांगितलं हे खरं. पण जिंकलेल्यांनी सांगितलं नाही, हे कुणी तपासलंय? जिंकलेला गल्लीभर नाचतो, बुडालेला मान खाली घालून घरी जातो. मग गावात आवाज कुणाचा ऐकू येणार?

शुक्रवारी मी रांगेत ताईच्या बरोब्बर मागे उभा राहिलो. तेच भिंग दोनदा लावून बघायचं होतं, एकाच कंपनीसाठी दोघांना तोच शब्द मिळतो का.

“तू इथे कसा?” तिनं डोळे वटारले.

“मलाही दोन पैसे कमवू दे की.”

ती आत गेली. उजव्या कानावर हात दाबून बाहेर आली आणि खुर्चीवर बसली. मांडीवर पैशांची पिशवी. मग मी आत गेलो. कानगुरू माझ्या डाव्या बाजूला वाकला. अत्तराचा भपकारा आला, पाठोपाठ शब्द आला, “उतरेल.” मी कान दाबून ताईशेजारी बसलो. माझ्यामागून ड्रायव्हिंग स्कूलवाला आला, उजवा कान दाबून. त्याच्यामागून नर्सबाई, डावा कान. मग पोस्टमास्तर, उजवा.

मी मान वळवून अख्खा हॉल पाहिला आणि हसूच फुटलं. सगळं समोर मांडून ठेवलं होतं, झाकले होते ते फक्त कान!

मी उभा राहिलो. “महाराज, मलाही लाट ऐकू येतेय. सांगू? ताई, तुझा शब्द चढेल. ड्रायव्हिंग स्कूल, तुमचाही चढेल. नर्सबाई, तुमचा उतरेल. मास्तर, चढेल. खोटं असेल तर मान हलवा.”

कुणाचीही मान हलली नाही. ताईचा चेहरा पांढरा पडला. मागून एक बाई म्हणाली, “अगं बाई, हा तर गुरूपेक्षा पोचलेला!” आणि माझ्या पाया पडायला वाकली सुद्धा.

“उठा, मावशी! पोचलेला नाही, बसलेला आहे,” मी ओरडलो. “बसल्या जागी बघा ना. एकाचा उजवा कान, दुसऱ्याचा डावा, तिसऱ्याचा उजवा. उजव्यात चढेल, डाव्यात उतरेल. एकाआड एक, म्हणजे गुरूची मोजणी चुकायला नको! शेअर चढो की उतरो, निम्मा हॉल खूश. जे बुडाले त्यांच्यावरच ‘तू बोललास’ म्हणून खापर फोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं करायचं. जे जिंकले त्यांची पुन्हा निम्मी-निम्मी वाटणी. तीनदा चाळलं, की जे शेवटी उरतात त्यांना वाटतं, हा देव आहे. ते फक्त चाळणीत उरलेले असतात.”

“अविश्वासानं लाट फिरते!” कानगुरू पडद्यामागून बाहेर आला. “या पाप्यामुळे आज सगळे बुडाल!”

ताई उठली. “थांबा. शब्द कुणाला सांगितला की फिरतो ना?”

“फिरतोच!”

“मी तिन्ही वेळा ह्यांना सांगितला होता.”

“अगं, मग गुरूंना तसं का नाही सांगितलंस?” कुणीतरी म्हणालं.

“नवऱ्याला सांगणं म्हणजे काय सांगणं असतं?” ताई म्हणाली. मग एक आतला शिक्षक पुटपुटला, “मीही घरी सांगत होतो.” दुसरा म्हणाला, “मीसुद्धा.” जिंकलेले आणि बुडालेले, सगळ्यांनीच सांगितलं होतं.

तेवढ्यात बाजार उघडला. शेअर सरसर वर गेला. उजव्या कानवाले सवयीनं आनंदानं उठले, शेजारच्या डाव्या कानवाल्यांकडे पाहिलं, आणि ओशाळून खाली बसले. ताई मोबाईलकडे बघत राहिली.

“चढला रे,” ती हलकेच म्हणाली. “आज माझा चौथाही खरा ठरला. मी पिशवी देऊन मोकळी झाले असते.”

या गडबडीत कानगुरू मागच्या जिन्यानं पसार झाला. पडद्यामागे फक्त त्याची अत्तराची बाटली सापडली.

ताईनं संध्याकाळी टेम्पो रिकामा परत पाठवला, पैसे ज्याचे त्याला दिले, आणि रात्री गणवेशाची कापणी काढून बसली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मला चाललं.

शेअर बाजार वाईट असं मी म्हणत नाही. अभ्यास करून, झेपेल तेवढेच पैसे लावणारेही तिथे कमावतात आणि गमावतात. पण उद्या काय होणार हे छातीठोक सांगणारा भेटला, तर जिंकलेल्यांच्या टाळ्या ऐकून भुलू नका. बुडालेल्यांना शोधा, त्यांच्याशेजारी बसा, विचारा. आणि बुडाला असाल तर लाजू नका, मोठ्यानं सांगा. असल्या गुरूंचं दुकान आपल्या गप्प बसण्यावरच चालतं.

त्या दिवशी हॉल रिकामा होताना पोस्टमास्तर दाराशी थांबले. खूप वेळ घुटमळून त्यांनी घरी फोन लावला.

“मी बोलतोय,” ते म्हणाले. मास्तरांनी डोळे पुसले. “अगं, मी बोलतोय. चूक तुझी नव्हती. माझीही नव्हती.”