जाळ विझल्यावर

“गळ्यापर्यंत माती लोटून थांबलोत बघ. तोंड तेवढं उघडं ठेवलंय तुझ्यासाठी,” चुलते संगप्पा म्हणाले आणि त्यांनी मन्मथच्या हातातली पिशवी काढून घेतली.

मुरुडच्या रानात, खड्ड्यात मन्मथचे वडील, अप्पा बसले होते. लिंगायतांचा रिवाजच तो. गेलेलं माणूस मांडी घालून बसतं आणि बसल्या बसल्या मातीआड होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, डोळे मिटलेले. नव्या लातूर जिल्ह्याच्या स्वागताच्या कमानी अजून रस्त्यावर उभ्या होत्या, पण अप्पांच्या अंघोळीचं पाणी घरोघर तांब्या फिरवून गोळा करावं लागलं होतं. असा दुष्काळ.

मन्मथ हैदराबादेत आवाजाहून वेगानं जाणाऱ्या अग्निबाणांच्या कामावर होता. हवा त्यांना किती अडवेल, याचा अंदाज बांधायचा. मागच्या सणाला अप्पांनी विचारलंही होतं, “टोक तर सुईवानी काढलंव. मग अडतंय कशानं?”

“पुढच्या हवेनं अडतंच, अप्पा. पण बुडामागं पोकळी ऱ्हाती, ती मागं खेचती. जाळ विझला की जास्तच.”

नेमका तिथंच तो चुकला. जाळ विझल्यावरही त्या ओढीचा जळतानाचाच आकडा धरला आणि चाचणीचा बाण ठरलेल्या जागेच्या बराच अलीकडे पडला. ती चूक निस्तरत असतानाच अप्पा अत्यवस्थ असल्याची तार आली. आकडा जुळवून निघू, अप्पा काय लगेच जातात, असं म्हणून तो बसून राहिला. हाही अंदाज चुकला.

आई नीलाबाई पदर सावरत जवळ आली. “लई बोलत व्हते रं तुझं. म्हनले, दुसरी तार नगा करू. माझा मन्मथ आवाजाच्या फुडं पळनाऱ्या वस्तू करतोय, हाकेच्या आदी येतोय बघा.” ती थांबली. “तार उशिरा घावली का रं?”

तार मन्मथला वेळेवरच मिळाली होती. खरं सांगितलं तर अप्पांचा तो शब्द खोटा पडणार होता.

“हाव, अव्वा. उशिरा घावली.”

विधी सांगणाऱ्या विरूपाक्ष स्वामींनी माती टाकायची खूण म्हणून मान हलवली. मन्मथनं अप्पांच्या कपाळावर बेलाचं पान ठेवलं आणि काठावरचं ढेकूळ उचललं. दगडासारखं होतं. ते अप्पांच्या तोंडावर कसं टाकायचं? तो गुडघ्यांवर बसला, ढेकूळ तळहातात चुरलं, पिठासारखं केलं आणि हळूच सोडलं. मग दुसरं घेतलं. कुणीही त्याला घाई केली नाही.