शेवटच्या चार मिनिटांचं संगीत

कुरडया वाळवायच्या मशीनमध्ये मी लेशेककाकांची टेप ठेवली होती आणि माझ्या नवऱ्याने मशीनचं तापमान वाढवून ठेवलं.

"अरे, हात कशाला लावलास?" मी दारातूनच ओरडले.

"चोपन्नवर कुठे कुरडया वाळतात? सत्तरवर केलं," भानुदास म्हणाला. संसाराला हातभार लावल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर ओसंडून वाहत होतं.

ऑकलंडच्या उन्हाचा काडीचा भरवसा नाही. म्हणून फळं सुकवायचं हे मशीन माउंट रॉस्किलमधल्या आम्हा बहुतेक मराठी बायकांनी घेतलंय, आणि सांडगे, कुरडया, बटाट्याचा कीस असा सगळा उन्हाळा आम्ही त्यात कोंबतो. भानुदासने त्यात आजवर दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं. त्याचा काय दोष? मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कामावर 'हात लावू नका'ची पाटी लावल्याशिवाय स्विचबोर्ड सोडून चहालासुद्धा जात नाही. घरी मात्र दूध संपलं म्हणून बिनपाटीची टेप तशीच ठेवून कोपऱ्यावरच्या डेअरीत गेले.

आकडा सत्तरकडे चढत सदुसष्टवर पोचला होता. मी तो चोपन्नवर आणला आणि खुर्चीत बसले.

"आई, चिल. इट्स जस्ट अ टेप," श्रद्धा तिच्या खोलीतून म्हणाली.

नुसती टेप! लेशेक बोरोविच आमच्या शेजारच्या भाड्याच्या घरात राहतात. वय वर्षं शहाऐंशी. पोलंडमध्ये त्यांनी एकतीस चित्रपटांना संगीत दिलं. एक्याऐंशीच्या डिसेंबरात, बत्तिसाव्या चित्रपटाचं काम चालू असताना, ते शेवटच्या प्रसंगाची टेप घेऊन मिक्सिंगसाठी व्हिएन्नाला गेले होते. मागे देशात लष्करी राजवट लागली आणि ते परत गेलेच नाहीत. स्टुडिओने नामावलीतून त्यांचं नाव काढलं. शेवटच्या चार मिनिटांचं संगीत त्यांच्याच एका विद्यार्थ्याकडून पंधरा दिवसांत करून घेतलं आणि चित्रपट लावला. लेशेककाका फिरत फिरत न्यूझीलंडला आले, 'ते रापा' नावाच्या ठिकाणी दूध पावडरच्या कारखान्यात अकरा वर्षं पाळ्या केल्या, मग ऑकलंडला येऊन पोरांना पियानो शिकवला. ह्या देशात त्यांनी एकाही चित्रपटाला संगीत दिलं नाही. कुणी विचारलंच नाही, आणि हे कुणाच्या दारात गेले नाहीत.

पण त्या चार मिनिटांबद्दल ते रोज बोलायचे. मी कपडे वाळत घालत असले की कुंपणाशी उभे राहून सुरू. एक नावाडी बायकोला पुरून येतो आणि दोराने ओढायची नाव एकटाच पलीकडे नेतो, असा तो प्रसंग. "माझं संगीत ऐकलं असतं तर लोक खुर्चीतून उठले नसते, नंदा. त्या पोराने वाट लावली."

आता चव्वेचाळीस वर्षांनी पोलंडमधलं चित्रपट संग्रहालय तो चित्रपट दुरुस्त करत होतं. लेशेककाकांचं नाव परत येणार होतं. आणि टेप मिळाली तर शेवटचा प्रसंग त्यांच्या मूळ संगीतासकट दाखवणार होते. मुदत शुक्रवार. संग्रहालयातल्या बाईंनी बजावून लिहिलं होतं की टेप तज्ज्ञांकडेच पाठवा, घरी काही उद्योग करू नका.

काकांनी ऐकलं नाही. "ती मी कुरिअरने पाठवणार नाही. तू माझा रेडिओ दुरुस्त केला होतास, तूच कर."

मी हो म्हणाले. का म्हणाले? खरं सांगायचं तर फुशारकी. माझे बाबा नाशिकला टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, भीमगीतांचे कार्यक्रम रेकॉर्ड करायचे, आणि आमच्या दुकानात कुणाची टेप कधी बिघडली नाही हे ते छाती काढून सांगायचे. त्या काळातल्या काही टेपांचा गोंद ओल धरतो आणि चिकट होतो. मंद आचेवर आठेक तास शेकल्या की थोडे दिवस वाजतात. जास्त तापल्या तर वाकतात, मग संपलंच. हे सगळं मला पक्कं माहीत होतं आणि तरीही मी पाटी लावली नाही.

गुरुवारची संध्याकाळ मी कशी काढली ते मलाच ठाऊक. मशीन बंद केलं, टेप गार होऊ दिली. ती उघडून बघायची हिंमत होईना. कुंपणापलीकडून काकांनी विचारलं, "ठीक आहे ना सगळं?"

"स्वीट अ‍ॅज," मी इथल्या लोकांसारखं म्हणाले, म्हणजे सगळं मस्त. इतकं धडधडीत खोटं मी आईशीही कधी बोलले नव्हते.

शुक्रवारी रजा टाकली. ओटाहुहूच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेलं टेपचं यंत्र जेवणाच्या टेबलावर मांडलं, लॅपटॉप जोडला. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलं आणि मी म्हणाले, "चहा?"

"नंतर," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. टेप सरकली, वाकडी न होता, न चिकटता. आणि व्हायोलिनं सुरू झाली. चाळीस-पन्नास तरी असतील. अंगावर काटा आला हो! पहिल्यांदा सुटकेने आला, मग संगीताने. भानुदास कामाला जाता जाता बूट हातात घेऊन दारातच थांबला. चार मिनिटं आणि अकरा सेकंद. लॅपटॉपवर सगळं उतरलं होतं. मी टाळ्या वाजवल्या, माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी सगळं ओकून टाकलं: मशीन, सत्तर अंश, डेअरी, सगळं.

काकांचं लक्षच नव्हतं. "आता चित्र लाव," ते म्हणाले. "आधी त्याच्या संगीतासकट."

संग्रहालयाने पाठवलेला प्रसंग मी लावला. नावाडी दोर ओढतोय. पाण्याचा आवाज, दोराची करकर, आणि बऱ्याच वेळाने कुठूनतरी एकटी क्लॅरिनेट, चार-सहा सूर, पुन्हा नुसतं पाणी. मग तोच प्रसंग मी काकांच्या संगीतासकट लावला. व्हायोलिनं भरून आली. नाव दिसत होती, दोर दिसत होता, पण तो माणूस कुठे गेला कोण जाणे.

काकांनी दोन्ही पुन्हा लावायला लावले. मग तिसऱ्यांदा. दुपार झाली. मी वरण-भात वाढला, तो निवून गेला.

"मी त्याला एकटं राहू दिलं नाही," ते शेवटी म्हणाले. "त्याची बायको गेलीय आणि मी माझी हुशारी दाखवतोय. पोराला कळलं होतं." त्यांनी निवलेलं ताट बाजूला सारलं. "त्यांना लिही की टेप वाजली नाही. मी गॅरेजमध्ये ठेवली, ओल लागली."

"काका, तुमचं संगीत सुंदर आहे."

"सुंदर आहे. म्हणूनच लिही."

मला रागच आला. कालपासून जीव मुठीत धरून बसले होते मी! पण त्यांच्याकडे पाहिलं आणि राग धरता येईना. चव्वेचाळीस वर्षं ज्या एका गोष्टीच्या आधारावर हा माणूस उभा होता, ती माझ्या जेवणाच्या टेबलावर कोसळली होती. आता वर निष्काळजीपणाचा शिक्काही त्यानेच का घ्यावा? टेप गॅरेजात सडवणारा म्हातारा म्हणून ते का ओळखले जावेत?

मी लिहिलं: टेप घरी तापवली. तापमान जास्त झालं. टेप खराब झाली. चूक सर्वस्वी माझी आहे. खाली पूर्ण नाव लिहिलं आणि हुद्दाही. लिहिताना कान तापले होते. उद्या तिथल्या बायका एकमेकींना सांगतील, शेजारच्या कुण्या इंजिनिअर बाईने टेप पापडासारखी भाजली. सांगू देत.

हे सगळं होईतो इथे रात्र झाली होती, तिकडे सकाळ. पंधरा मिनिटांत उत्तर आलं. मला एक शब्द टोचून लिहिला नव्हता, त्याचंच जास्त लागलं. मी काकांना मोठ्याने वाचून दाखवलं: "बोरोविच साहेबांना आमचा मनापासून नमस्कार कळवा. नुकसान भरून येणारं नाही. ते संगीत त्यांचं सर्वश्रेष्ठ काम असणार, असं आम्ही सगळे इतकी वर्षं मानत आलो."

काका कानामागे हात धरून ऐकत होते.

"शेवटचं वाक्य पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी वाचलं.

"पुन्हा."