जोतीराम डॉट को डॉट इन

त्या आठ-दहा दिवसांत मला बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं, आणि जेवताना बायकोनं काही विचारलं की मी अंगावर धावून जात होतो. प्रियदर्शनी म्हणायची, "आवं, इंटरनेट आनायलाय का युद्धाला निगालाय?" तिला काय सांगणार? मला नाव पाहिजे होतं. आमच्या आबांचं, म्हणजे वडलांचं, जोतीराम हे नाव. आणि ते माझ्या थोरल्या भावाच्या आधी पाहिजे होतं.

सगळं त्या चिलीच्या माणसानं सुरू केलं. अठ्ठ्याण्णव सालातली गोष्ट. नाशिकच्या द्राक्ष प्रदर्शनात त्यानं आमचं फवारणीचं नोझल हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, माल पसंत आहे. माल पुरवणाऱ्यांच्या माझ्या यादीत तुमचं नाव छापतो, फक्त पंधरा तारखेच्या आत कंपनीचा स्वतःचा इंटरनेट पत्ता कळवा. मी मान हलवली. पत्ता म्हणजे मलकापूर, कराडशेजारी, एवढंच मला ठाऊक.

कराडात निमिष नावाचा पोरगेला माणूस कॉम्प्युटर क्लास चालवायचा. त्यानं मोडेमवरनं पुण्याला एसटीडी लावली, घरघर, किरकिर झाली आणि मग मला समजावलं. "साहेब, पत्त्याच्या शेवटी डॉट कॉम घ्यायचं तर क्रेडिट कार्ड लागतं."

"ते कराडात कुणाकडं असतंय?"

"कुणाकडंच नाही. म्हणून डॉट को डॉट इन घ्या. हे आपल्या देशाचं. मुंबईचं कार्यालय देतं. पण मनाला येईल ते नाव मिळत नाही. कंपनीच्या कागदावर जे नाव आहे तेच. आणि एकदा एकाला दिलं की दुसऱ्याला नाही."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

कारण आमची गंमत अशी. आबांनी पलूसला 'जोतीराम स्प्रे पार्ट्स' काढलं. आबा गेल्यावर आम्ही दोघं भाऊ वेगळे झालो. दादा, म्हणजे आप्पासो, पलूसचा कारखाना बघायचा. मी मलकापुरात नवा टाकला. वाटणी झाली ती चार जाणत्या माणसांसमोर, नारळ फोडून. कागद कुणी केला नाही. आमच्याकडं सख्ख्या भावाकडं कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. दोन्ही कारखान्यांना आबांचंच नाव, आणि सहा वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं.

मी अर्ज पाठवला. चौथ्या दिवशी मुंबईचं उत्तर आलं. निमिषनं ते छापून हातात दिलं. नाव मोकळं आहे, पण तुमच्या नोंदणी दाखल्यावर दोन भागीदार आहेत. दुसऱ्याची हरकत नसल्याचं सहीचं पत्र पाठवा.

"तुम्ही तर वेगळे झालाय म्हणालात," निमिष म्हणाला.

"झालोय की!"

"कागदावर नाही झालात."

म्हणजे उद्या दादाला कुणी अक्कल दिली तर तोही अर्ज करणार. मोठा भाऊ, जुना कारखाना, नाव त्यालाच जाणार. मग मी चिलीला काय कळवू? माझं डोकं असं काही भणभणलं की सरळ घरी आलो आणि कपाट उलथंपालथं केलं. पत्र कसं लिहायचं हे कुठं ठाऊक होतं? आमच्या अबोलीनं, धाकट्या बहिणीनं, लग्नानंतर जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. त्याची प्रत सापडली. तीच समोर ठेवली आणि नक्कल मारली. 'जमीन' खोडून 'नाव' घातलं. 'जोतीराम या नावावर माझा कोणताही हक्क, दावा वा हितसंबंध नाही व पुढेही राहणार नाही.' टाइप करून घेतलं. वाचलं तेव्हा मला ते चांगलं भक्कम वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फटफटीला किक मारली. शेणोली, ताकारी करत पलूसला पोचेपर्यंत मनातल्या मनात दादाशी चार वेळा भांडून झालं होतं. तो म्हणणार, थोरला मी. मी म्हणणार, शिकलेला मी. तो म्हणणार, आबांचा कारखाना माझ्याकडं. मी म्हणणार, परदेशी गिऱ्हाईक कुणी आणलं? नुसतं आत आग पेटलेली.

दादा लेथच्या यंत्रावर वाकून काम करत होता. हात पुसत आला. "वीरू, अवचित रं? च्या टाकायला सांगू?"

"च्या ऱ्हाऊ दे. एक सही पाहिजे."

"कशापायी?"

"इंटरनेटला आबांचं नाव लावायचंय. एकालाच मिळतंय."

त्यानं पत्र घेतलं. मी छाती फुगवून तयारच होतो. त्यानं ते सावकाश, ओठ हलवत, एकदा वाचलं. मग परत एकदा. माझ्याकडं बघितलं. खिशातलं पेन काढलं आणि लेथच्या टेबलावरच सही ठोकली.

"झालं?" म्हणाला. "लय मोठं काम करायलाईस. यश येऊ दे."

मी भांडायला आलो होतो. भांडणच शिल्लक राहिलं नाही. त्याच्या पाया पडायचं सुद्धा सुचलं नाही मला. पत्र खिशात घातलं आणि निघालो. परतताना आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. उलट जास्तच कसंतरी व्हायला लागलं, आणि ते का होतंय हे समजून घ्यायला मी थांबलोही नाही. कराडात शिरलो ते थेट कुरिअरच्या दुकानात.

चौदा तारखेला नाव मंजूर झालं. निमिषनं पडद्यावर दाखवलं. जोतीराम, ठिपका, को, ठिपका, इन. चिलीला कळवलं, त्याचं 'छापलं' म्हणून उत्तर आलं. मी अर्धा किलो पेढे घेतले आणि दादाला पहिला पेढा द्यायला पलूसला निघालो.

फाटकाशी शिडी लावलेली. वर बिराप्पा पेंटर. पाटीवर पांढरा रंग ओला होता. 'स्प्रे पार्ट्स' तेवढं शिल्लक होतं. त्याच्या आधीचं आबांचं नाव गेलं होतं.

"दादा! हे काय चाललंय?"

दादा खाली उभा राहून वर बघत होता. "आलास? मिळालं न्हवं नाव? लय झ्याक झालं."

"अरे पण पाटी का पुसतोयस?"

"मी सही केलीया की. ह्या नावावर माजा हक्क न्हाई म्हणून."

"ते फक्त इंटरनेटपुरतं होतं!"

"कागदात तसं कुटं लिवलंय, वीरू? मी दोन बार वाचलं." आवाजात राग असता तर बरं झालं असतं. नव्हता. "सही केली म्हंजी केली. बिलं बी नवी छापाय टाकलीत."

इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी म्हणालो, "मी ते पत्र फाडतो. नाव परत करतो."

"पत्र मुंबईला गेलंय. आनि नाव काय बैल हाय व्हय रं, परत आनून दावनीला बांधायला? तिकडं परदेशात छापून गेलं. चांगलंच झालं. आबांचं नाव तिकडं गेलं." त्यानं माझ्या हातातला पुडा घेतला, पेढा काढला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा माझ्या तोंडात घातला.

"फकस्त एक काम कर," दादा म्हणाला. "तू शिकलेला हाईस. कारखान्याला नवं नाव सांग. मला चार दिस झालं सुचंना."

वरनं बिराप्पानं ब्रश डब्यात बुडवला. "काय लिवू, आप्पासो? रंग वाळतोय."

दादा माझ्याकडं बघत राहिला. मी लय डोकं खाजवलं. आबांच्या नावाशिवाय दुसरं एक नाव मला आठवेना.