मागावरचं बोलणं

कापडगिरणी सुटून बरीच वर्षं झाली तरी शेजारीपाजारी त्याला जॉबरच म्हणायचे. बिघडलेले माग ठीक करणं हे त्याचं काम. मागाच्या सांगाड्यावर नुसता तळहात टेकवला की आत काय झिजलंय ते आपल्याला कळतं, हे भेटेल त्याला एकदा तरी ऐकवल्याशिवाय तो सोडत नसे. त्याची बायको त्याच खात्यात विणायला होती. तिथे सगळे माग एकदम धडधडायला लागले की घसा फुटेपर्यंत ओरडलं तरी शेजारच्याला पत्ता लागत नसे. म्हणून कुणी ओरडायच्या भानगडीत पडायचंच नाही. सगळे ओठ हलवून बोलायचे आणि समोरचा ते वाचायचा. जॉबरने बायकोला मागणी घातली तीही तीन मागांच्या पलीकडून, आणि मधल्या सगळ्या बायकांनी ती वाचली.

गिरणीने दोघांच्याही कानांचं पार वाटोळं केलं. पण ओठ होते, त्यामुळे घरात काही अडलं नाही. रोज संध्याकाळी जॉबर गल्लीतल्या बातम्या आणायचा आणि वर आपलं तिखटमीठ लावून बायकोला सांगायचा. कोणाचं लग्न मोडलं, कोणाच्या जावयाने पाय पसरले. ती पोट धरून हसायची. तिच्यासारखं हसणारं माणूस त्याला दुसरं भेटलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी बायकोचे डोळे बिघडले. कडेकडेचं दिसायचं, पण जिकडे बघावं नेमका तिथेच राखाडी डाग. नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं की तोंडाच्या जागी डाग. डॉक्टर म्हणाले, आतला पडदाच खराब झालाय, ऑपरेशन करून काही उपयोग नाही. ती बोलली तर तो अजूनही वाचायचा, पण त्याचं उत्तर तिच्यापर्यंत पोचायला वाटच उरली नाही. अक्षरओळख तिला नव्हती, नाहीतर हातावर बोटाने लिहिलं असतं. शेवटी तळहातावर एक टिचकी म्हणजे हो आणि दोन म्हणजे नाही, असं ठरलं. एवढा मोठा संसार दोन टिचक्यांवर आला, आणि बातम्या जॉबरच्या पोटातच साचत गेल्या.

कानाच्या यंत्राच्या दुकानात तो जाऊन आला. एरवी त्याला काही ऐकू येत नसे, पण किंमत मात्र पहिल्या झटक्यात कळली. ‘एका कानाची का दोन्ही?’ त्याने मोठ्याने विचारलं. दुकानदार म्हणाला, ‘एका कानाची.’ जॉबर तसाच उठला.

मग कुणीतरी त्याला स्वस्त यंत्रांच्या केंद्राचा पत्ता दिला. म्हाताऱ्यांसाठीचं केंद्र, ते तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. ज्याने जागा निवडली त्याचे गुडघे धडधाकट असणार. प्रत्येक वळणावर दम खात जॉबरने बायकोला वर नेलं. यंत्र घरटी एकच मिळणार होतं.

‘तुम्ही घ्या,’ बायको म्हणाली.

त्याने तिच्या तळहातावर दोन टिचक्या मारल्या. त्याचे डोळे चांगले होते, तिच्याकडे आता कानांशिवाय काही नव्हतं. तपासणीच्या बाईंनी यंत्र तिच्या कानात बसवलं आणि मागून हळूच काही विचारलं. बायकोने मान वळवून उत्तर दिलं. जॉबरला तिथेच भरून आलं.

‘थोडे दिवस वापरून बघा,’ बाई त्याला ओठ दिसतील अशा बेताने म्हणाल्या. ‘नाही जमलं तर परत आणा. रांग मोठी आहे.’

घरी आल्यावर बायकोला काय ऐकू आलं नाही? नळ, चमचा, खिडकीवरची कबुतरं, शेजारीणबाईंची चप्पल. शेजारीणबाई मुद्दाम येऊन बसल्या आणि दोघी तासभर बोलल्या. त्या गेल्यावर बायकोने खुर्ची पुढे ओढली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, ‘हं, आता तुम्ही.’

वर्षाचं साचलेलं जॉबरने सांगायला घेतलं. तिच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

‘बोलताय का?’

एक टिचकी.

‘मला काहीच ऐकू येत नाहीये.’

तो आणखी जवळ सरकला. कानाशी तोंड नेऊन बोलला. दुसऱ्या दिवशी बोलला, तिसऱ्या दिवशी बोलला. दूधवाला तिला दारातून ऐकू यायचा, खालच्या रस्त्यावरचा फेरीवाला ऐकू यायचा, शेजारी बसलेला नवरा नाही. दर वेळी ती ‘बोलताय ना?’ विचारायची आणि दर वेळी तो टिचकी मारायचा.

एका संध्याकाळी तिने यंत्र काढून त्याच्या हातात दिलं. ‘सगळं जग येतं यातून, तुम्हीच तेवढे येत नाही. यापेक्षा काहीच ऐकू येत नव्हतं ते बरं होतं.’ ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि जेवायला उठली नाही.

सकाळी जॉबर यंत्र घेऊन तरातरा केंद्रात गेला. बाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, ‘यंत्र ठणठणीत आहे. काकूंना घेऊन या, समोरासमोर बघू.’

‘तिचे गुडघे हे जिने पुन्हा चढणार नाहीत. आणि यंत्राचं मला शिकवू नका, बाई. माझा जन्म यंत्रांत गेला. हे बाकी सगळं घेतं, माझा आवाज घेत नाही.’

‘आत्ता तर तुमचा आवाज खालच्या मजल्यावरही गेला असेल. काका, एकदा परत केलंत की पुढच्याला जाईल बघा.’

‘जाऊ दे,’ जॉबर म्हणाला आणि खाली उतरला.

घराच्या दारात शेजारीणबाई भेटल्या. यंत्र परत केल्याचं ऐकून हळहळल्या. मग जरा घुटमळून, सावकाश तोंड हलवत म्हणाल्या, ‘काका, राग मानू नका. तुमचं बोलणं नाही एकमेकांशी, तर यंत्र घेऊन तरी काय होणार होतं?’

‘कोण म्हणतं बोलणं नाही? आयुष्यभर बोलतोय आम्ही.’

‘भिंत इतकी पातळ आहे. तुमचा खोकला ऐकू येतो, भांडी ऐकू येतात. पण बोलण्याचा आवाज इतक्या वर्षांत एकदाही आला नाही. आम्हाला वाटायचं, काहीतरी जुनं भांडण असेल.’

‘काहीतरीच काय,’ म्हणता म्हणता जॉबरचा हात आपसूक स्वतःच्या गळ्यावर गेला. तळव्याला आवाजाची थरथर लागली. तो आत गेला, बायकोसमोर उभा राहिला आणि तळवा तसाच ठेवून म्हणाला, ‘अगं, मी आलो.’ ओठ तेवढे हलले. गळा पट्टा उतरून थांबलेल्या मागासारखा गार होता.

वाण्याशी, डॉक्टरांशी, बाईंशी तो आवाजाने बोलत होता. बायकोशी बोलायला तोंड उघडलं की अजून गिरणीच चालू व्हायची. बिघाड यंत्रात नव्हता.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायच्या आधी तो जिन्यात उभा होता. ‘ते कालच गेलं, काका,’ बाई म्हणाल्या. नवी यंत्रं कधी येणार ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि एकदा घेऊन परत केलेल्यांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. चूक माझी होती, यंत्र चांगलं होतं, असं जॉबर ओरडून ओरडून सांगत राहिला. बाकावर म्हाताऱ्यांची रांग बसली होती. त्यातल्या बहुतेकांना काही ऐकू गेलं नाही.

घरी येऊन तो बायकोजवळ बसला. गळ्यावर हात ठेवून त्याने तिच्याशी आवाजाने बोलायला सुरुवात केली. थरथर आली, पुन्हा हरवली, पुन्हा आली. मग त्याने तिचा तळहात उचलून आपल्या गळ्यावर टेकवला आणि दूधवाल्याच्या भावाचा सगळा घोळ पहिल्यापासून सांगायला घेतला.

बायको दचकली. तिचा हात तसाच राहिला.

‘अहो, रडताय?’

त्याने तिच्या दुसऱ्या हातावर दोन टिचक्या मारल्या आणि बोलत राहिला.

‘खोटं बोलू नका, कळतंय मला हाताला.’ तिने त्याचं डोकं खांद्यावर ओढलं आणि पाठीवरून हात फिरवायला लागली. ‘उगी. नाही ऐकू आलं तर नाही. उगी आता.’

ती थोपटत होती तोवर तो बोलत होता, आणि मग तो गप्प झाला.

‘हं,’ ती म्हणाली. ‘झालं ना शांत?’

त्याने एक टिचकी मारली.