रंगूबाईच्या ओव्या छापून येतात

तासगावच्या पोस्टात येणारं एकही मासिक प्रमोदिनीच्या नजरेतून सुटत नसे. पोस्टमास्तर गंगाधरपंतांची ही थोरली लेक. इंग्रजी पाचवीत, आणि वर्गात मुली दोनच, त्यातली एक! सकाळी टपालाची थैली उघडली की ही वेणी घालत घालत टेबलाशी हजर. मासिक उघडायची परवानगी नव्हती. पण वेष्टनावरचा पत्ता वाचायला कोण अडवतो? पुणे, मुंबई, नागपूर, बेळगाव... असे अकरा पत्ते तिने भूगोलाच्या वहीमागे उतरवून घेतले होते आणि त्या अकराही ठिकाणी तिच्या कविता जाऊन आल्या होत्या. अगदी जाऊन, आल्या!

परतीचं पाकीट तिच्याच अक्षरातलं असायचं, त्यामुळे गुंडा पोस्टमनला ते थैलीतच ओळखू यायचं.

"पमाताई, तुमचं पाखरू घरी आलं बगा! लय लांबनं आलंय, नागपूरचा शिक्का हाय."

"हसा, हसा. लढाईमुळे कागदच मिळेना त्यांना. मासिकं बघा की, पापडासारखी झालीत. माझ्या कवितेला जागा कुठली?"

त्या नागपूरच्या पाकिटात मात्र नवल होतं. संपादकांनी स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या: 'कल्पना बरी. ग्राम्य शब्द व घरगुती नावे टाळावीत. कविता सर्वांची वाटली पाहिजे.' प्रमोदिनीने त्या ओळी पाठच केल्या. छापली नाही तर नाही, पण एका संपादकाने आपल्याला शिकवलं! दोन दिवस तिचे पाय जमिनीला लागले नाहीत.

पोस्टामागच्या गल्लीत रंगूबाई राहायची. नवरा नव्हता, एकुलता लेक मानसिंग फौजेत, साता समुद्रांपलीकडे इटलीत लढत होता. त्याची पत्रं वाचून दाखवायची आणि तिची लिहायची, हे काम प्रमोदिनीचं. पण चव्वेचाळीसचा उन्हाळा आला तरी सहा महिन्यांत त्याचं पत्र नव्हतं. रंगूबाई रोज पोस्टाच्या पायरीवर येऊन बसे आणि थैली रिकामी झाली की पदर झटकून उठे.

एकदा पेन्शनीत निघालेले सुभेदार हंबीरराव फौजेचं मराठी साप्ताहिक घेऊन आले. त्यात लिहिलं होतं, घरच्या मंडळींनी जवानांसाठी गाणी, ओव्या धाडाव्यात.

"आवं सुभेदार, ह्यो कागद समद्या पलटनीत जातो?" रंगूबाईने विचारलं.

"एकूण एक. पत्र चुकंल, ह्यो चुकत न्हाई. एकानं वाचायचं, धाजणांनी ऐकायचं."

रंगूबाई तशीच प्रमोदिनीकडे वळली. "मग पमाताई, माजी ववी घाल की त्यात. माज्या पत्राचा पत्ता चुकत आसंल. पर ववी त्येच्या कानावर पडली की त्यो लगी वळखंल. बारका हुता तवा जात्यापाशीच झोपायचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रमोदिनी पाटी घेऊन जात्यापाशी बसली. रंगूबाई दळत होती, म्हणत होती:

पान्याच्या पल्याड गं, कुन्या देसाची ती वाट,
मानसिंग माज्या लेका, तितं कोन वाढी ताट.

अशा पाच ओव्या. पाचही ओव्यांत मानसिंगाचं नाव. प्रमोदिनीचे डोळे भरून आले. इतकं चांगलं आपल्याला कधीच सुचलं नव्हतं, हेही तिला कळलं.

पण घरी येऊन ती शाईने उतरवायला बसली, आणि नागपूरचे संपादक तिच्या कानाशी बोलायला लागले. 'पल्याड' ग्राम्य. 'मानसिंग' घरगुती. ह्या बाराव्या पत्त्यावरूनही परत आलं तर रंगूमावशीला काय सांगू? तिने दौतीत टाक बुडवला.

सागराच्या पार जाई, कोण्या देशाची ती वाट,
वीर माझ्या बाळराजा, तेथे कोण वाढी ताट.

काय सुबक दिसलं! पाचही ओव्या तिने अशाच सारख्या केल्या. खाली 'रंगूबाई, मु. तासगाव' फारच साधं वाटलं, म्हणून लिहिलं, 'एक वीरमाता, जिल्हा सातारा.'

आणि पाखरू परत आलं नाही! ऑगस्टात अंक आला, आणि त्यात चौकटीत छापलेल्या पाच ओव्या. प्रमोदिनी अनवाणीच गल्लीत पळाली.

"मावशी, छापलं! अहो, छापलं!"

"वाच, वाच की गं."

ती वाचायला लागली आणि पहिल्याच ओळीला अडखळली. मग नजर कागदावर ठेवून तिने रंगूबाईच्याच मूळ ओव्या म्हणून दाखवल्या. म्हाताऱ्या बाईला उगाच कशाला घोळात टाकायचं, असं तिने स्वतःला सांगितलं. रंगूबाईने कागदावर बोट फिरवलं. "आता घावंल त्येला," ती म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर तार आली. मानसिंग लढाईत पडला होता.

रंगूबाई रडून रडून संपली. मग तिने एकच धरलं. "त्येच्या आदी त्येला माजी ववी घावली आसंल का गं?" प्रमोदिनी म्हणायची, "सापडली असेल, मावशी." दुसरं काय म्हणणार?

त्याच सुमारास साप्ताहिकाकडून, परतीच्या पाकिटावरच्या पत्त्यावर, पत्रं यायला लागली. कुठले कुठले जवान. वाईचा, पलूसचा, कराडचा. सगळ्यांनी 'आई' म्हणून लिहिलेलं. एकाने लिहिलं, तुमची ओवी मी टोपीत ठेवली आहे. चौदा पत्रं आली. प्रत्येक पत्र वाचून झालं की रंगूबाई विचारायची, "मानसिंगाचं कायी हाय का त्यात?"

पंधरावं केरबा नावाच्या जवानाचं होतं; ते ऐकायला रंगूबाई पोस्टमास्तरांच्या घरी आली होती. प्रमोदिनीने ते आधी मनात वाचलं.

बदलून वाचता आलं असतं. एकदा केलंच होतं की! रंगूबाई तोंडाकडे बघत होती. प्रमोदिनीने पत्र होतं तसं वाचलं.

"आई, आमच्या टोळीत तासगावचा मानसिंग होता. त्यानंच तुमची ओवी आम्हास वाचून दाखवली. म्हणाला, चाल माझ्या आयचीच हाय, पर माझी आय नाव घेऊन म्हणती. ही दुसऱ्या कुणाची आय. ज्याची असंल त्याचं नशीब. माझ्या आयचं तर पत्र बी न्हाई. दोन दिवसांनी नदीपाशी तो पडला. आपण सातारा जिल्ह्यातल्याच, तर त्याच्या आईस गाठून सांगावं की तो तिची याद काढत होता."



"नाव न्हवतं त्यात?" रंगूबाईने विचारलं.

"नव्हतं."

"मी तर घातलं हुतं की गं."

"मी काढलं, मावशी." प्रमोदिनीला हुंदका आवरेना. "छापताना बरं दिसेल म्हणून."

रंगूबाईने तिच्या हातातून पत्र घेतलं, नीट घडी घातली, चोळीत ठेवलं. शिवी नाही, शाप नाही. जाताना दार मात्र हळूच ओढून घेतलं.

त्यानंतरची पत्रं तिने हंबीररावांकडून वाचून घेतली. उत्तरंही त्यांच्याकडूनच लिहवून घेतली. प्रमोदिनी पहाटे उठून गल्लीत जायची, भिंतीला टेकून उभी राहायची. आतून दळताना ओवी ऐकू यायची. एकदा धीर करून ती उंबऱ्यापाशी गेली. रंगूबाईने मान वर करून पाहिलं. जात्याची घरघर चालूच राहिली, ओवी तेवढी थांबली.