एकोणीस इंची अभिप्राय

बावन्नाव्या वर्षी भाऊजींनी दोन सीटची पिवळी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा ताईने एवढंच विचारलं की भाजीच्या पिशव्या कुठे ठेवायच्या. भाऊजी म्हणाले, मांडीवर. त्यानंतर त्या विषयावर घरात चर्चा झाली नाही.

गाडी शोभेची नव्हती. भाऊजी रोज तिच्यातूनच कचेरीत जात. कचेरी म्हणजे नगरपालिकेचं रस्ते खातं. नवा रस्ता तयार झाला की तो पास की नापास हे ठरवणं भाऊजींचं काम, आणि सतरा वर्षांत त्यांनी एकही रस्ता नापास केला नव्हता. यात लबाडी अजिबात नव्हती. खात्याची पद्धतच तशी होती. रस्त्याचा खडबडीतपणा मोजायचं यंत्र फार पूर्वी दुरुस्तीला गेलं होतं आणि तिथे रमलं होतं. तोवरची सोय म्हणून कुणा जुन्या साहेबांनी काचेचा ग्लास ठरवून दिला. ग्लासावर दोन रेघा, वर तांबडी, खाली निळी. तांबड्या रेघेपर्यंत पाणी भरायचं, ग्लास गाडीत पुढे लाकडी बैठकीवर ठेवायचा आणि ताशी तीसच्या वेगाने एक किलोमीटर जायचं. पाणी निळ्या रेघेच्या वर राहिलं तर रस्ता पास. गाडी कोणती, यावर नियम गप्प होता. खात्याची जीप यंत्राच्या सोबतीला गेलेली असल्यामुळे भाऊजी आपलीच गाडी नेत. शेजारी वहीपेन घेऊन नोंदीचे कारकून बसत. ते सेवानिवृत्तीला आले होते आणि आयुष्यात त्यांना आता फक्त कोरडं राहायचं होतं.

सगळं सुरळीत चाललं असतं. पण एक दिवस हवा भरायला गेलेल्या भाऊजींना टायरवाला म्हणाला, “साहेब, राग मानू नका. अंग वाघाचं आणि पाय मांजराचे.”

भाऊजींनी वळून पाहिलं. चाकांवरच्या कमानी ऐसपैस होत्या आणि आत सोळा इंची चाकं मोठ्या भावाचे कपडे घातल्यासारखी दिसत होती. त्या दिवसानंतर त्यांना गाडीत दुसरं काही दिसेना.

पुढचे तीन महिने घरात पुठ्ठा सापडेनासा झाला. भाऊजींनी सतरा, अठरा आणि एकोणीस इंचांच्या चकत्या कापल्या, रुपेरी कागद लावला आणि त्या आळीपाळीने चाकांवर चिकटवून ताईला बाल्कनीत उभं केलं. ताईला तिन्ही सारख्याच दिसल्या. भाऊजी म्हणाले, नीट बघ. तिने नीट बघितलं आणि गॅसवर दूध असल्याचं सांगितलं. मग टायरवाल्याने समजावलं की चाकाचा बाहेरचा घेर बदलता येत नाही, नाहीतर ते कमानीला घासतं. म्हणजे आतली धातूची चकती जितकी मोठी, तितकं रबर कमी. सोळाला चार बोटं रबर होतं, एकोणीसला दोनच उरणार. हादरे थोडे जाणवतील, असंही तो म्हणाला. भाऊजींनी रस्ते खात्याच्या माणसाच्या आत्मविश्वासाने विचारलं, “कसले हादरे?”

एकोणीस बसली. गाडी उभी असताना अशी देखणी दिसायची की भाऊजी ती लावल्यावर मागे वळून बघत जिना चढायचे आणि दोनदा पायरी चुकले. चालताना मात्र ती बोलू लागली होती. रस्त्यातला प्रत्येक सांधा, प्रत्येक ठिगळ, प्रत्येक झाकण ती भाऊजींच्या माकडहाडाला थेट कळवायची. भाऊजी ताईला सांगत, हा स्पोर्ट्स कारचा खरा अनुभव. आणि बसताना खाली उशी घेत.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ध्यानात आली नाही. तीन महिने पुठ्ठे कापणाऱ्या, गणितं मांडणाऱ्या या अभियंत्याला एकदाही सुचलं नाही की तपासणीचा ग्लास याच गाडीत बसतो.

ते कालव्याकाठच्या नव्या रस्त्यावर कळलं. पहिल्या दोनशे मीटरात तांबडी रेघ गेली, पाचशेव्याला निळी, आणि औषधाच्या दुकानापुढच्या चरात उरलेलं सगळं पाणी कारकुनांच्या मांडीवर आलं. कारकुनांनी आधी वही उचलून झटकली. मग त्यांनी विचारलं, “साहेब, काय लिहू?”

भाऊजी नियमाचे माणूस. ग्लास सांगेल ते लिहायचं, एवढंच त्यांना येत होतं. नापास, ते म्हणाले. त्या आठवड्यात सहा रस्ते नापास झाले आणि कारकून प्लॅस्टिकचा एप्रन घेऊन येऊ लागले.

गावात गडबड उडाली. वर्तमानपत्राने लिहिलं की रस्ते खात्यात अखेर एक कणा सापडला. नागरिक मंडळाने पुष्पगुच्छ दिला. सलूनमध्ये लोक उठून भाऊजींना आपला नंबर देऊ लागले. चाकांमुळे झालं, असं भाऊजींनी पहिल्या दोघातिघांना सांगून पाहिलं, पण लोकांनी ते विनयात जमा केलं. हळूहळू भाऊजींनी सांगणं सोडलं. त्यांची चालही थोडी संथ झाली. मोठी माणसं चालतात तशी.

मग कालव्याकाठचा रस्ता बांधणारा ठेकेदार घरी आला. बदनाम माणसाच्या मानाने फारच सभ्य होता. त्याने गाडीभोवती फेरी मारली, चाकांची तारीफ केली, ताईच्या हातचा चहा घेतला आणि भाऊजींच्या पाठीची चौकशी केली. या वयात पाठ जपावी, तो म्हणाला. आणि कंपनीने मुळात सोळा इंची चाकं दिली होती ती काहीतरी विचार करूनच दिली असतील ना?

दुसऱ्या दिवशी थोरल्या साहेबांनी बोलावलं. थोरले साहेब खात्याचे प्रमुख. त्यांनी जेवढं कळायला हवं तेवढंच सांगितलं. उपप्रमुखाची जागा महिनाअखेर भरायची होती. भाऊजी बारा वर्षं त्या जागेच्या दारात उभे होते आणि यादीत नाव पहिलं होतं. कालव्याकाठच्या रस्त्याची फेरतपासणी सोमवारी. “चाकं बदलू नयेत असा नियम नाही,” ते म्हणाले. “बदललेली परत बदलू नयेत, असाही नाही.”

उपप्रमुखाला खात्याची मोठी गाडी मिळते, ड्रायव्हरसह. ताई त्या गाडीच्या मागच्या सीटवर मनातल्या मनात कधीच जाऊन बसली होती, शेजारी पिशव्या ठेवून. रविवारी भाऊजी जुनी चाकं काढून पुसत बसले, तेव्हा ती शेजारी येऊन उभी राहिली.

“सतरा वर्षं ग्लास म्हणाला तेच लिहिलंत ना हो? उद्याही तेच लिहायचं. तुम्हाला कोण खोटं म्हणणार आहे?”

“कुणी नाही.”

“मग तोंड का असं?”

“अगं, ग्लासाला माहीत नसेल,” भाऊजी म्हणाले, “पण मला आता माहीत झालंय.”

ताईने उशीकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि म्हणाली, “मग ते माहीत आहे हे कुणाला सांगू नका म्हणजे झालं.”

सोमवारी सोळा इंची चाकांवर गाडी लोण्यावरून गेल्यासारखी गेली. कारकुनांनी एप्रन आणला होता, पण घडी मोडावी लागली नाही. भाऊजी मात्र विचित्र वागत होते. समोर काही दिसायच्या आधीच ते पुटपुटायचे. आता ठिगळ. आता दोन सांधे. आता औषधाच्या दुकानापुढचा चर. पाणी किंचित थरथरायचं आणि पुन्हा शहाण्यासारखं उभं राहायचं. किलोमीटर संपला तेव्हा ते निळ्या रेघेच्या चांगलं दोन बोटं वर होतं.

“पास, साहेब,” कारकून म्हणाले. त्यांच्या आवाजात कोरड्या माणसाचं समाधान होतं. “लिहू ना?”

“वही इकडे द्या.”

सतरा वर्षांत भाऊजींनी वहीला हात लावला नव्हता, फक्त सही केली होती. त्यांनी निकालाच्या रकान्यात नापास लिहिलं. अभिप्रायाच्या रकान्यात लिहिलं: पाणी सांडले नाही. रस्ता वाईट आहे.

कारकुनांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी एप्रनची घडी उगाच आणखी एकदा घातली.

थोरल्या साहेबांनी वही उघडी ठेवूनच भाऊजींना बसायला सांगितलं. ते चिडले नव्हते. एखादं अवघड गणित समजावणाऱ्या मास्तरांच्या मायेने ते म्हणाले, “पहिलं वाक्य ठीक आहे. दुसरं कुठून आलं?”

“पाठीतून.”

“पाठ हे खात्याचं मान्य साधन नाही.”

“नाही साहेब.”

“तपासायलाही पाठवता येणार नाही ती.” त्यांनी पेन पुढे सरकवलं. दुसरं वाक्य आणि वरचा ‘ना’ खोडला की पुरे होतं. ‘पास’ तसाच राहणार होता.

भाऊजींनी पेन हातात घेतलं होतं. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्या मोठ्या गाडीची मागची सीटही डोळ्यांसमोर आली होती, आणि तिच्यावर बसलेली ताईसुद्धा. पण खोडायला वाकले तेवढ्यात कमरेत कळ आली, ते तसेच सरळ झाले, आणि सरळ झाल्यावर त्यांना पुन्हा वाकावंसं वाटेना. या प्रसंगात याहून थोर काही घडलं नाही, असं ते आवर्जून सांगतात. वर्तमानपत्राला हे कळतं तर त्याने वेगळं लिहिलं असतं.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते परत ठेवलं.

उपप्रमुखाची जागा उद्यान विभागातल्या एका अभियंत्याला गेली. त्यांच्याकडे गाडीच नव्हती, त्यामुळे त्यांचं रस्त्यांविषयीचं मत कुणालाच ठाऊक नव्हतं. कालव्याकाठच्या रस्त्याचा कागद अभिप्रायासाठी वर गेला, तिथून अधिक वर गेला आणि तिथे थांबला. ठेकेदाराने भाऊजींना ओळख देणं सोडलं नाही. फक्त पाठीची चौकशी बंद केली. ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने भाजीसाठी पाठीवर घ्यायची पिशवी विकत आणली आणि ती भाऊजींच्या पाठीवर दिली.

पण ते सगळं पुढचं. त्या सोमवारी केबिनमधून बाहेर पडून भाऊजी जिना उतरले आणि गाडीपाशी थांबले. बारा वर्षं वाट पाहिलेली जागा गेली होती आणि ती परत येण्यातली नव्हती. समोर पिवळी गाडी उभी होती, ऐसपैस कमानींत बारकी चाकं घेऊन. भाऊजींनी जरा मागे सरकून पाहिलं, डावीकडून पाहिलं, खाली बसून पाहिलं. खरोखरच वाईट दिसत होती. निदान एवढं तरी आज दुरुस्त होण्यासारखं होतं. टायरवाला सहापर्यंत उघडा असतो, आणि काढलेली एकोणीस इंची चाकं त्याच्याकडेच होती. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि गाडी तिकडे वळवली, ताशी तीसने, प्रत्येक खड्डा यायच्या आधी त्याचं नाव घेत.