शेवटच्या बाकाची फळी

या मित्रांनो, जवळ या. थोडं वाकावं लागेल, कारण मी राहते जमिनीलगत. पण वाकलात तर अशी गोष्ट सांगेन की उठताना चेहऱ्यावर हसू असेल.

मी एक जुनी फळी आहे. चर्चमधल्या शेवटच्या बाकाखाली बिजागरीने जोडलेली, गुडघे टेकायची फळी. सुताराने मला रंधा मारला, पॉलिश केले, वर रेक्झिनची मऊ गादी ठोकली आणि सर्वांत आधी स्वतःच गुडघे टेकून पाहिले. फादरांनी पवित्र पाणी शिंपडले, त्याचे दोन थेंब माझ्याही वाट्याला आले. त्या दिवशी मला वाटले, आपण लाकूड नाही, कुणीतरी आहोत.

लोकांचे लक्ष वेदीकडे, मेणबत्त्यांकडे. माझ्याकडे कोण बघणार? पण मी सगळ्यांना ओळखते, तेही गुडघ्यांवरून. मास्तरांचे गुडघे हाडकुळे, टोचतात. मुलांचे खरचटलेले, एका जागी ठरत नाहीत. नवरीचे थरथरतात. तोंड काहीही म्हणो, गुडघे खोटे बोलत नाहीत.

आणि आमच्या फादरांचे प्रवचन! ते नुसते बोलत नाहीत, गातात. पेटीवर सूर धरून एक ओळ म्हणतात, सारे चर्च ध्रुपद उचलते:

सरकून बसा जरा, सरकून बसा जरा,
आणखी कुणी येतंय घरा.

माझ्या बाकावरच्या आजी या ध्रुपदात जीव ओतायच्या. सूर त्यांचा स्वतःचा, तालही स्वतःचा. सगळे थांबले की आजी पोचायच्या. म्हणून त्यांना सगळे ‘मागाहून आजी’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होते. म्हणायच्या, देवाला काय घाई आहे?

डॉक्टरांनी त्यांना गुडघे टेकायला साफ मनाई केली होती. त्यामुळे सगळे खाली गेले तरी आजी बसूनच प्रार्थना करायच्या आणि काठीच्या टोकाने मला हळूच स्पर्श करायच्या. जणू म्हणायच्या, रागावू नकोस बाई.

दिवस गेले. माझे रेक्झिन फाटले, स्पंज बाहेर डोकावू लागला, बिजागरीचा स्क्रू सैल झाला. कुणी बुटाने मला खाली ढकलले की मी धाडकन आपटायचे. मग सगळ्या माना मागे वळत. त्यात माझा काय दोष?

अशा एका रविवारी एक तरुण नर्स आजींशेजारी येऊन बसली. पायाशी भरलेली बॅग. आजींनी दोन वाक्यांत सगळे काढून घेतले. नर्स या शहरात नवी होती. दवाखान्यात दिवसभर माणसांत, पण खोलीवर आले की ‘जेवलीस का’ विचारणारे कुणी नाही. कंटाळून ती नोकरी सोडून गावी निघाली होती. बस दुपारची होती. जाण्याआधी शेवटची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकावी, एवढेच तिच्या मनात होते.

मित्रांनो, मिस्सेत ‘पवित्र, पवित्र, पवित्र’ हे गीत होते. आमच्याकडे त्यानंतरही सगळे उभेच राहत. फादर भाकरी आणि द्राक्षारसावर हात पसरत, छोटी घंटा वाजे, तेव्हा कुठे गुडघे टेकत. नर्सच्या गावात मात्र गीत संपले की लगेच टेकायची रीत. तिचे मन कुठेतरी दूर होते. गीत संपले, तिने सवयीने मला पायाने पाडले आणि गुडघे टेकले.

धाड!

सारे चर्च उभे, आणि ती एकटी खाली. माना वळल्या. पुढच्या बाकावर दोघी खुदकन हसल्या. तिचे गुडघे माझ्यावर बर्फासारखे थिजले. एक हात बॅगेकडे गेला. मला कळले, ही आता बसचीसुद्धा वाट बघणार नाही.

तेवढ्यात काठी बाकाला टेकली, आणि माझ्यावर दोन अनोळखी गुडघे आले. जड, सुजलेले, कुरकुरणारे. मागाहून आजी आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी पोचल्या होत्या!

आजींना पाहून मास्तर टेकले. त्यांच्यामागे पोरे टेकली. एकेक बाक करत फळ्या खाली येऊ लागल्या, हसणाऱ्या दोघींचीही आली. घंटेवाला गोंधळून फादरांकडे बघू लागला. फादर गालात हसले आणि पुढची प्रार्थना त्यांनी गाऊनच म्हटली.

मग उठायची वेळ आली. सगळे उठले, आजी काही उठेनात.

“पोरी,” त्या कुजबुजल्या, “खाली तर आले. आता वर कशी जाऊ?”

नर्सने बॅग बाजूला सरकवली. तिचा आवाज एकदम बदलला, कामावरचा झाला. “गळ्यात नको आजी, हात खांद्यावर ठेवा. उजवा पाय पुढे. श्वास घ्या. आता या वर.”

आजी फुलासारख्या उठल्या. पुढे शेजाऱ्याशी हात मिळवून शांतीचे चिन्ह देताना त्यांनी तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

“मी पुढच्या रविवारी पण टेकणार,” त्या म्हणाल्या.

“डॉक्टर रागावतील, आजी.”

“रागावू देत. पण मला उठवणार कोण?”

नर्स हसली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. बस तिच्याशिवाय गेली. ती आजींकडे जेवली.

आमच्या चर्चमध्ये आता गीत संपताच सगळे टेकतात. नवे लोक विचारतात, ही रीत कुणाची? जुने लोक मागच्या बाकाकडे बोट दाखवतात.

गेल्या वर्षी आजी देवाघरी गेल्या. अंत्यविधीच्या मिस्सेला नर्स गुपचूप माझ्याकडेच आली होती. पण आजींचा मुलगा मागे आला, “ताई, इथे काय बसलीस?” म्हणाला आणि तिला घरच्यांत, पहिल्या बाकावर घेऊन गेला. मी रिकामी राहिले, मित्रांनो, पण इतका आनंद मला भरल्या बाकानेही कधी दिला नव्हता.

एवढेच मागते. मला हाताने अलगद उतरवा. शेजारी कुणी चुकून एकटे खाली गेले, तर त्याच्याबरोबर खाली जा. आणि गुडघे टेकाल तेव्हा आमच्या आजींची आठवण काढा. एक छोटीशी प्रार्थना, त्यांच्या नावाने.